एक अंडं, हजारो शुक्राणू आणि ९० मिलिव्होल्टचं कुलूप

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला साधारण १९ मिनिटं लागतात. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

००:०० – शेवटची सीट कोणाची?

मागच्या भागात आपण रेस कंडिशनबद्दल बोललो. शेवटची एकच सीट उरली आहे, दोन माणसं एकाच क्षणी 'बुक' दाबतात, आणि सिस्टीम नीट लिहिलेली नसेल तर दोघांनाही तीच सीट मिळते. त्यावर एका श्रोत्याने विचारलं, "निसर्गात असं होतं का? तिथे लॉक कोण लावतं?"

प्रश्न डोक्यात बसला. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बायोलॉजीशी माझा संबंध बारावीत सुटला. पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे सापडलं ते इतकं आपल्या कामासारखं आहे की त्यावर अख्खा भाग करायचं ठरवलं.

उत्तर आहे: हो, होतं. आणि त्याचं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे सी अर्चिन या समुद्री प्राण्याचं अंडं. त्याच्याभोवती हजारो शुक्राणू घोंगावत असतात. सीट एकच असते. डबल बुकिंग झालं तर भ्रूण मरतो. आणि पहिला शुक्राणू आत शिरल्यावर ते अंडं काही सेकंदांत स्वतःचं व्होल्टेज बदलून दार लावून घेतं. शब्दशः व्होल्टेज, मिलिव्होल्टमध्ये मोजता येणारं.

आज तीन गोष्टी बघू. व्होल्टेज बदलतं म्हणजे काय होतं? ते बदलणं हेच कुलूप आहे हे सिद्ध कसं केलं? आणि एक कुलूप असताना दुसरं कशाला लागतं?

०१:५० – हा सी अर्चिन कोण?

समुद्राच्या तळाशी, खडकांच्या कपारीत बसलेला काट्यांचा गोळा. 'अर्चिन' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थच काटेमूषक, म्हणजे अंगावर काटे असलेला छोटा प्राणी. तारामाशाचा हा जवळचा नातेवाईक.

याच्यात फलन शरीराबाहेर होतं. मादी लाखो अंडी थेट पाण्यात सोडते, नर अब्जावधी शुक्राणू सोडतो, आणि जे व्हायचं ते समुद्रात होतं. प्रयोगशाळेसाठी हे म्हणजे लॉटरी लागल्यासारखं. प्राण्याला पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचं छोटं इंजेक्शन दिलं की तो अंडी किंवा शुक्राणू सोडतो. काचेच्या बशीत दोन्ही एकत्र केले की फलन डोळ्यांसमोर, मायक्रोस्कोपखाली. अनेक जातींची अंडी बरीच पारदर्शक असतात, त्यामुळे आतलंही दिसतं. शिवाय सगळी अंडी जवळजवळ एकाच वेळी फलित होतात, त्यामुळे 'दहाव्या सेकंदाला काय होतं?' हा प्रश्न विचारता येतो.

१८७६ साली जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी याच प्राण्याच्या अंड्यात शुक्राणूचं केंद्रक आणि अंड्याचं केंद्रक एकत्र येताना पाहिलं. फलन म्हणजे दोन केंद्रकांचं एकत्र येणं, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट तिथून पक्की झाली.

अंडं केवढं? जातीप्रमाणे बदलतं, पण व्यास साधारण ८० ते १०० मायक्रोमीटर. म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीएवढं.

०३:४० – दोघे आत आले तर बिघडलं काय?

साहजिक प्रश्न. जास्त शुक्राणू म्हणजे जास्त माल, मग बाळ जास्त दणकट नाही का होणार?

नाही होत. कारण शुक्राणू फक्त गुणसूत्रं आणत नाही. तो सोबत सेंट्रिओल नावाचा एक छोटा भागही आणतो, आणि पेशी दोन भागांत विभागताना गुणसूत्रं कुठल्या दिशेला ओढायची हे त्याच्यावरून ठरतं. एक शुक्राणू आला की सेंट्रिओलपासून दोन टोकं तयार होतात. गुणसूत्रांच्या प्रती बनतात, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. हिशोब बरोबर.

आता दोन शुक्राणू आले असं धरा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जांभळ्या सी अर्चिनचं गणित घेऊ. अंड्याची २१ गुणसूत्रं, एका शुक्राणूची २१. एरवी बेरीज ४२. दोन शुक्राणू आले तर ६३. विभाजनाआधी प्रती बनतात, म्हणजे १२६. पण सेंट्रिओलही दुप्पट आलेत, त्यामुळे दोनऐवजी चार टोकं तयार होतात आणि रस्सीखेच चार बाजूंनी सुरू होते. १२६ भागिले ४ केलं तर पूर्णांकही येत नाही. कोणाच्या वाट्याला काय येईल ते नशिबावर. एका पेशीत एखादं गुणसूत्र तीनदा, दुसरीत एकदाही नाही.

जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी हे मुद्दाम घडवून आणलं. भरपूर शुक्राणू टाकून दोन-दोन शुक्राणू शिरलेली अंडी मिळवली, त्यांच्या पहिल्या चार पेशी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीचं काय होतं ते पाहिलं. चारही पेशी वेगवेगळ्या प्रकारे बिघडत होत्या. १९०२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असतं आणि पूर्ण संच असल्याशिवाय वाढ नीट होत नाही. पुढे १९१४ मध्ये त्यांनी याच धाग्यावरून लिहिलं की कॅन्सरचं मूळही पेशीतल्या गुणसूत्रांच्या बिघाडात असू शकतं.

एकाहून जास्त शुक्राणू शिरण्याला 'पॉलिस्पर्मी' म्हणतात. सी अर्चिनसाठी पॉलिस्पर्मी म्हणजे जवळजवळ नक्की मृत्यू.

०५:५० – अंडं म्हणजे चार्ज केलेला कपॅसिटर

आता विजेकडे येऊ.

प्रत्येक पेशीभोवती चरबीसारख्या रेणूंचा दोन थरांचा पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, या पडद्यातून सहज जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या खास वाटा असतात, ज्यांना आपण चॅनेल म्हणू. दोन्ही बाजूंना खारट द्रावण आणि मध्ये इन्शुलेटर. फिजिक्समध्ये ही आकृती बघितली आहे ना? हाच कपॅसिटर.

बाहेर समुद्र, म्हणजे सोडियमचा सुकाळ. आत पोटॅशियम जास्त, सोडियम कमी. शांत बसलेल्या, फलन न झालेल्या अंड्यात आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण असते: सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट.

ऐकायला किरकोळ वाटतं. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, त्याच्या विसाव्या भागाएवढंसुद्धा नाही. पण पडद्याची जाडी बघा, साधारण ५ नॅनोमीटर. ७० मिलिव्होल्टला ५ नॅनोमीटरने भागा. उत्तर येतं दर मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर मीटरला ३० लाख व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणजे त्या पडद्याच्या आत विजेचं क्षेत्र ठिणगीच्या चौपटीहून जोरदार आहे. त्यात बसलेल्या किंवा त्याला चिकटलेल्या प्रथिनाला ते जाणवणारच.

एक गंमत सांगतो. 'उणे ७०' हा आकडा मिळायलाच बराच त्रास झाला. व्होल्टेज मोजायला काचेची अतिशय बारीक सुई अंड्यात खुपसावी लागते. सुई खुपसली की भोक पडतं, भोकातून आयन गळतात, आणि मीटर खरं व्होल्टेज न दाखवता गळक्या अंड्याचं व्होल्टेज दाखवतं. त्यामुळे बऱ्याच जुन्या मोजमापांत उणे १० च्या आसपासचे आकडे येत होते. १९७८ मध्ये लॉरिंडा जाफी आणि केनेथ रॉबिन्सन यांनी हा गोंधळ निस्तरला. आपल्याकडे डीबगर जोडला की प्रोग्राम वेगळाच वागायला लागतो ना, तसलाच प्रकार!

०८:१० – पहिल्या तीन सेकंदांत

शुक्राणू अंड्याभोवतीच्या जेलीतून वाट काढतो, पृष्ठभागाला चिकटतो आणि अंड्याच्या पडद्याशी जोडला जातो. इथे घड्याळ सुरू करा.

१ ते ३ सेकंदांत व्होल्टेज उणे ७० वरून उसळतं आणि शून्य ओलांडून अधिक २० च्या आसपास जातं. चॅनेल उघडतात, बाहेरचे धन भाराचे आयन आत येतात. सुरुवातीच्या उसळीत कॅल्शियमचाही हात असतो, पण व्होल्टेज वर टिकवून धरतो तो मुख्यतः सोडियम. साधारण मिनिटभर ते शून्याच्या वर राहतं, मग हळूहळू खाली येतं. पुढच्या काही मिनिटांत पडद्यातून पोटॅशियमची ये-जा वाढते आणि अंडं पुन्हा ऋण बाजूला स्थिरावतं.

एकूण फरक साधारण ९० मिलिव्होल्ट. यासाठी किती आयन आत यावे लागतात? चला, कागदावर हिशोब करू.

८० मायक्रोमीटर व्यासाचा गोल धरा. पृष्ठफळ येतं सुमारे ०.०००२ चौरस सेंटिमीटर. पेशीपटलाची कपॅसिटन्स साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरड असते. म्हणजे अख्ख्या अंड्याची सुमारे २०० पिकोफॅरड. आता भार म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज: २०० पिकोफॅरड गुणिले ०.०९ व्होल्ट, झाले १८ पिकोकुलोम. एका सोडियम आयनच्या भाराने भागलं की उत्तर येतं सुमारे ११ कोटी आयन.

अकरा कोटी! पण थांबा. अंड्याएवढ्याच आकाराच्या समुद्राच्या पाण्याच्या थेंबात सोडियमचे आयन किती असतात? साधारण ७४ लाख कोटी. त्यातल्या दर पावणेसात लाखांमागे एक आयन आत आला की काम झालं.

हा वेगाचा पहिला भाग. दुसरा भाग म्हणजे पसरणं. ८० मायक्रोमीटरच्या गोळ्यात एका जागी चॅनेल उघडले की व्होल्टेजचा बदल सगळ्या पृष्ठभागावर जवळजवळ लगेच पोचतो. कुठलाही रेणू तरंगत पलीकडच्या टोकाला न्यायचा असता तर फार वेळ लागला असता. सगळ्या सर्व्हर्सना एकाच वेळी 'सीट गेली' असं कळवायचं असेल तर यापेक्षा स्वस्त आणि वेगवान मेसेज नाही.

१०:२० – पण हे कुलूप की नुसता दिवा?

आता खरा मुद्दा. फलन झालं की व्होल्टेज वर जातं, आणि फलन झालं की दुसरा शुक्राणू आत येत नाही. दोन्ही बरोबर होतात. पण म्हणून पहिल्यामुळे दुसरं होतं असं म्हणता येतं का? लिफ्ट मजल्यावर आली की दिवा लागतो. दिव्यामुळे लिफ्ट येत नाही.

जलद अडथळा काहीतरी आहे याचा अंदाज जुना होता. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट हे हॉवर्ड विद्यापीठातले कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञ. ते कित्येक उन्हाळे वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत काम करत. १९१९ मध्ये, सी अर्चिनच्याच नात्यातल्या सँड डॉलर या प्राण्याच्या अंड्यावर त्यांनी लिहिलं की अंड्याभोवतीचा पडदा वर उचलला जायच्या आधीच अंडं जादा शुक्राणूंना नकार द्यायला लागतं. पुढे ब्रिटनमध्ये रॉथशिल्ड आणि स्वान यांनी १९५० च्या सुमाराला वेळ मोजून सांगितलं की अडथळ्याचे दोन टप्पे असावेत: एक झटपट पण अपुरा, दुसरा सावकाश पण पूर्ण. झटपटवाला नेमका कशाने होतो, ते मात्र हाती लागत नव्हतं.

ते हाती लागलं १९७६ मध्ये. लॉरिंडा जाफी तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडी करत होत्या. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्याच वयाच्या. 'नेचर' मासिकात आलेला त्यांचा प्रयोग मला कमालीचा आवडला, कारण तो अगदी साधा आहे. व्होल्टेज हे कारण आहे असं वाटतंय ना? मग व्होल्टेज आपण ठरवू आणि काय होतं ते बघू.

पहिला भाग. फलन न झालेलं, ताजं अंडं घेतलं. सुईतून करंट सोडून त्याचं व्होल्टेज शून्याच्या वर, धन बाजूला धरून ठेवलं. अंड्याला अजून कोणी शुक्राणू भेटलेलाच नाही, फक्त त्याचं व्होल्टेज 'फलन झालंय' असं सांगतंय. मग शुक्राणू टाकले. ते आले, पृष्ठभागाला चिकटले, पण आत कोणी शिरू शकला नाही. करंट बंद केला, व्होल्टेज पुन्हा खाली आलं, आणि फलन झालं. अंडं धडधाकट होतं. दार फक्त व्होल्टेजने बंद होतं.

दुसरा भाग उलटा. फलन होत असताना अंड्याचं व्होल्टेज वर जाऊ दिलं नाही, करंट देऊन ऋण बाजूलाच दाबून ठेवलं. एक शुक्राणू शिरला, मग आणखी शिरले. पॉलिस्पर्मी झाली.

दोन्ही दिशांनी तपासलं. व्होल्टेज आहे पण फलन नाही, तरी दार बंद. फलन आहे पण व्होल्टेज नाही, तर दार उघडं. दिवा आणि लिफ्टचा वाद इथे मिटतो.

हीच गोष्ट सुईशिवायही तपासता येते. समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी करायचं आणि क्षार टिकवण्यासाठी त्याच्या जागी कोलिन नावाचा, चॅनेलमधून न जाणारा मोठा आयन घालायचा. सोडियम नाही तर व्होल्टेज नीट वर जात नाही. सोडियम नेहमीच्या साधारण एक चतुर्थांशावर आणलं की जवळजवळ सगळी अंडी पॉलिस्पर्मीची शिकार होतात.

पुढचा प्रश्न: व्होल्टेज 'वाचतं' कोण, अंडं की शुक्राणू? १९८२ मध्ये जाफी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांचे शुक्राणू आणि अंडी अदलाबदल करून पाहिली. उदाहरणार्थ, सी अर्चिनचं अंडं आणि युरेकिस या समुद्री किड्याचा शुक्राणू. कुठल्या व्होल्टेजला आत शिरता येतं हे शुक्राणूच्या जातीवर ठरत होतं. म्हणजे सेन्सर शुक्राणूकडे आहे. अंडं पाटी बदलतं, वाचून थांबतो तो शुक्राणू.

१३:३० – दुसरं, पक्कं कुलूप

मग गोष्ट संपली का? नाही, कारण व्होल्टेज साधारण मिनिटभरच वर राहतं. शुक्राणू त्यानंतरही पाण्यात असतातच. आणि व्होल्टेज कायम वर ठेवणं अंड्याला परवडणारं नाही, पडद्यातून पदार्थांची ने-आण याच फरकावर चालते.

आपण सीट बुक करताना काय करतो? आधी मेमरीत एक फ्लॅग लावतो: 'ही सीट धरून ठेवली आहे'. हे झटकन होतं, पण टिकाऊ नसतं. त्या आडोशाने मागे डेटाबेसमध्ये पक्की नोंद होते. ती सावकाश होते, पण मग फ्लॅग काढला तरी चालतं. अंडंही नेमकं हेच करतं.

अंड्याच्या पडद्याच्या आतल्या बाजूला सुमारे १५,००० छोट्या पिशव्या चिकटून बसलेल्या असतात. शुक्राणू जोडला गेला की काही सेकंदांनी, तो जिथे आला त्या जागेपासून अंड्याच्या आत कॅल्शियमची लाट निघते आणि साधारण अर्ध्या मिनिटात पलीकडच्या टोकाला पोचते. हे कॅल्शियम बाहेरून आलेलं नसतं, अंड्याच्या आतल्या साठ्यातून सुटलेलं असतं. लाट जिथे पोचते तिथल्या पिशव्या फुटतात आणि आतला माल बाहेर सांडतात.

त्या मालात काय असतं? अंड्याला बाहेरचं आवरण जिथे जोडलेलं असतं ते टाके कापणारी एन्झाइम्स. पाणी ओढून घेणारे शर्करायुक्त पदार्थ, ज्यांच्यामुळे आवरण फुग्यासारखं वर उचललं जातं. आणि ते आवरण कडक करणारं एक एन्झाइम, जे त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतं. हो, जखमेवर लावायचं तेच! हे पेरॉक्साइड अंडं स्वतः तयार करतं. १९०८ मध्ये ओटो वारबुर्ग यांनी पाहिलं होतं की फलन झाल्याबरोबर सी अर्चिनचं अंडं एकदम जास्त ऑक्सिजन वापरायला लागतं. त्यातला बराचसा ऑक्सिजन या पेरॉक्साइडसाठी जातो, हे खूप नंतर, १९७० च्या दशकात स्पष्ट झालं.

सुमारे मिनिटभरात अंड्याभोवती उंच, कडक कवच उभं असतं. उरलेले शुक्राणू बाहेर. आता व्होल्टेज खाली आलं तरी हरकत नाही.

आणि इथे वीज पुन्हा एकदा येते, वेगळ्या रूपात. पिशवी फुटते म्हणजे तिचा पडदा अंड्याच्या पडद्यात मिसळतो. १५,००० पिशव्या मिसळल्या की अंड्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ वाढतं. मग कपॅसिटरचं सूत्र आठवा, प्लेटचं क्षेत्रफळ वाढलं की काय होतं? कपॅसिटन्स वाढते. १९७८ मध्ये जाफी, हागिवारा आणि कॅडो यांनी फलनाच्या वेळी अंड्याची कपॅसिटन्स सतत मोजली आणि ती तात्पुरती जवळजवळ दुप्पट होताना पाहिली. नंतर अंडं जादाचा पडदा आत ओढून घेतं आणि कपॅसिटन्स खाली येते. पिशव्या किती वेगाने फुटताहेत हे एका इलेक्ट्रिकल आकड्यावरून कळतं. लाइव्ह डॅशबोर्डच म्हणा ना!

या कपॅसिटन्सची गोष्ट त्याहून जुनी आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ केनेथ कोल यांनी १९२८ मध्येच सी अर्चिनच्या अंड्यांच्या मिश्रणातून वीज सोडून पेशीपटलाची कपॅसिटन्स काढली होती, आणि पुढच्या दशकात फलनानंतर ती वाढते हेही नोंदवलं. याच कोल यांनी १९४० च्या दशकात 'व्होल्टेज क्लॅम्प' नावाचं तंत्र उभं केलं: पेशीचं व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवायचं आणि करंट मोजायचा. ते तंत्र वापरून हॉजकिन आणि हक्सली यांनी मज्जातंतूचा संदेश उलगडला आणि नोबेल मिळवलं.

१६:२० – सगळ्यांची अंडी अशीच का?

नाही, आणि इथे एक छान डिझाइन धडा आहे.

बेडूक गोड्या पाण्यात अंडी घालतो. गोड्या पाण्यात सोडियम नगण्य. मग बाहेरून धन आयन आणणार कुठून? बेडकाचं अंडं उलटी युक्ती करतं. ते आतले ऋण भाराचे क्लोराइड आयन बाहेर सोडतं. ऋण बाहेर गेलं काय किंवा धन आत आलं काय, व्होल्टेज वरच जातं. तेच इंटरफेस, वेगळं इम्प्लिमेंटेशन.

माणसाचं काय? सस्तन प्राण्यांत, निदान जिथे नीट तपासलं गेलं त्या उंदरासारख्या प्राण्यांत, हे विजेचं कुलूप नसतं. आपल्यात फलन शरीराच्या आत होतं आणि अंड्यापर्यंत पोचणारे शुक्राणू मुळात मोजके असतात. अर्ज करणारेच कमी, तर झटपट लॉकची गरज कमी. दुसऱ्या कुलपासारखी व्यवस्था मात्र आपल्यातही आहे: कॅल्शियम, फुटणाऱ्या पिशव्या आणि अंड्याभोवतीचं आवरण बदलणं.

आणि डबल बुकिंगचा धोकाही आहे. आयव्हीएफमध्ये बशीत अंडं आणि शुक्राणू एकत्र ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण १६ ते १८ तासांनी, एम्ब्रिऑलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली केंद्रकं मोजतात. दोन दिसायला हवीत: एक आईचं, एक वडिलांचं. तीन दिसली तर बहुतेक वेळा दोन शुक्राणू शिरलेले असतात, आणि तो भ्रूण सहसा गर्भाशयात सोडत नाहीत. ज्या जोडप्यांनी त्या फोनची वाट पाहिली आहे, त्यांना 'दोन' या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको. ती मोजणी का करायची, हे आपल्याला बोव्हेरींच्या अंड्यांनी शिकवलं.

शेवटी एक प्रामाणिक टीप. विजेचं कुलूप खऱ्या समुद्रात किती कामाला येतं यावर सगळ्यांचं एकमत नाही. काही संशोधकांचं म्हणणं आहे की बशीत आपण इतके शुक्राणू ओततो तितके समुद्रात अंड्यापर्यंत पोचतच नाहीत, जेलीचे थरच बऱ्याच जणांना अडवतात. हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पण 'व्होल्टेज धन बाजूला धरलं तर शुक्राणू आत शिरत नाही' हे निरीक्षण त्याने बदलत नाही. वाद आहे तो हे कुलूप निसर्गात किती वेळा लागतं याचा.

१८:२० – जाता जाता

त्या श्रोत्याला माझं उत्तर असं: हो, निसर्गात रेस कंडिशन असते, आणि काही प्राण्यांनी त्यावर दोन टप्प्यांचा लॉक बसवला आहे. पहिला टप्पा दर सात लाखांतल्या एका आयनवर चालतो आणि तीन सेकंदांच्या आत लागतो. दुसऱ्याला मिनिट लागतं, पण तो कायमचा असतो. आपण हे डिझाइन गेल्या काही दशकांत व्हाइटबोर्डवर काढायला शिकलो.

आणि ऑफिसात पुढच्या वेळी कोणी ग्राफ दाखवून म्हणालं, "हे वाढलं की ते वाढतं, म्हणजे यामुळेच होतंय", तर जाफींचा प्रयोग आठवा. पहिली गोष्ट हाताने धरून ठेवून दुसरी बदलते का ते बघितलंय का, एवढंच विचारा. दोन्ही दिशांनी.

आकडेमोड स्वतः करून बघायची असेल तर व्यास ८० ऐवजी १०० मायक्रोमीटर घ्या आणि किती आयन लागतात ते मला कळवा. हिंट देतो: कपॅसिटन्स पृष्ठफळाबरोबर वाढते. पुढच्या भागात मज्जातंतूतून संदेश कसा धावतो ते बघू, कोल यांचा क्लॅम्प तिथे पुन्हा भेटेल. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!